कानांत बोटं घालून उभ्या राहिलेल्या बाईंना

बाई,

परवा तुमच्या युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये तुमच्या शोकसभेत सहा जण बोलले. सगळे इंग्रजीत. मी मुलाचा, सुनीलचा, कोट घालून पाचव्या रांगेत बसलो होतो. सून वैशाली शेजारी बसून मधूनमधून कानात सांगत होती. आता म्हणतायत, बाईंची चार पुस्तकं आहेत. आता म्हणतायत, बाई आफ्रिकेत सोंघाय लोकांच्या मांत्रिकाजवळ वर्षानुवर्षं राहिल्या, नुसत्या बघत बसल्या नाहीत, स्वतः विद्या शिकल्या. मी म्हणालो, "हे मला माहीत आहे. पुढचं सांग." पुढचं कुणी बोललंच नाही.

शेवटी एका दाढीवाल्या प्राध्यापकाने विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का. वैशालीने माझ्या हातावर हात ठेवला, म्हणजे बसा. मी बसलो. इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. मला बोलायचं होतं ते तुमच्याशी, त्यांच्याशी नव्हे. मराठी मंडळाच्या अंकात जागा आहे म्हणाले, म्हणून आता लिहितोय. चौथी शिकलोय, पण गवंडी आहे. माझ्या भिंती अजून ओळंब्यात आहेत, तेव्हा चार ओळी सरळ लिहिता येतील. टाईप वैशाली करणार आहे. तिला बजावलंय, एक शब्द बदलायचा नाही. ती म्हणाली, "आबा, स्पेलिंग तरी?" म्हटलं, तेवढं कर.

तुम्हाला आठवतं का, मंडळाच्या ज्येष्ठांच्या सभेत तुम्ही बोलायला आला होता? लायब्ररीतला तो वरचा हॉल. आम्ही वीसबावीस म्हातारे, निम्मे पिस्कॅटवे गावचे, निम्मे एडिसन गावचे, सगळे मुलांच्या गाड्यांतून आलेले. तुम्ही पडद्यावर फोटो दाखवलेत. नायजर नावाची मोठी नदी, काठावर कांद्याचे वाफे, मातीची घरं, आणि एका घरासमोर चटईवर बसलेला काटकुळा माणूस. तुम्ही म्हणालात, "हे हामिदू. माझे गुरू. मी यांना बाबा म्हणायची. त्यांच्या भाषेतही बापाला बाबाच म्हणतात." मग सांगितलंत की तिथे विद्या डोक्यात राहत नाही, पोटात राहते. शिकलेल्या माणसाला बाजरीच्या पिठाचा मंतरलेला गोळा खाऊ घालतात. काही घराण्यांत म्हणे मरणाऱ्या मांत्रिकाच्या पोटातून बारीक साखळी तोंडावाटे बाहेर येते आणि वारस ती गिळतो.

सभेत कुजबूज सुरू झाली. पुण्याचे एक काका उभे राहिले. "मॅडम, म्हणजे ही सगळी अंधश्रद्धाच म्हणायची ना?"

तुम्ही हसलात. म्हणालात, "मी तिथे होते तेव्हा हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. ते विचारायचे, तुझं पोट भरलंय का?"

लोक हसले. काका बसले, पण तोंड आंबट करून. मग मी उठलो. माझे गुडघे त्या दिवशी दुखत होते, तरी उठलो. विचारलं, "तुमच्या गुरूने पथ्य काय सांगितलं तुम्हाला?"

तुम्ही हातातलं ते फोटो बदलायचं बटण खाली ठेवलंत.  "इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं," तुम्ही म्हणालात. "गरम खाण्यापिण्यावर फुंकर घालायची नाही. तोंडातला वारा कामाचा आहे, तो चहावर उधळायचा नाही, असं बाबा म्हणायचे."

नंतर चहाच्या वेळी मी पाहिलं. सगळे फुंकत होते. तुम्ही कप टेबलावर ठेवून थांबला होता. युनिव्हर्सिटीतल्या लोकांना वाटायचं की तुम्हाला गार चहाच आवडतो. तुम्ही जवळ आलात आणि हळूच म्हणालात, "आणि तुमचं पथ्य काय?"

मी कुणाला काही बोललो नव्हतो. तरी तुम्ही ओळखलंत.

"पडवळ," मी म्हणालो.

एवढ्यावर आपली ओळख झाली.

आमच्या घरात विंचू उतरवायचा मंत्र होता. महाडच्या बाजूला आमचं गाव, तिकडे विंचू फार. माझ्या बापाला त्याच्या चुलत्याने दिला, बापाने मला. एकानं एकालाच द्यायचा, उजव्या कानात. दिला की देणाऱ्याकडून गेला. ग्रहणात वाहत्या पाण्यात उभं राहून जागवायचा, नाहीतर तो झोपतो. मी अमेरिकेत आलो तेव्हा सुनीलला विचारलं होतं, घेतोस का. तो लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "आबा, इथे विंचूच नाहीत, यार." बापाला यार म्हणतो. त्याचंही बरोबर होतं. या गवतावर औषध मारतात, मुंगीसुद्धा दिसत नाही. पण वस्तू माझ्याकडे होती आणि घ्यायला माणूस नव्हता. ते मला आत कुठेतरी टोचायचं, आणि ते ओळखणाऱ्या तुम्ही एकट्या होता.

तुम्ही दर बुधवारी यायला लागलात. मी भाकरी करायचो. सून म्हणायची, मी करते. मी ऐकायचो नाही. तुम्ही भाकरी मोडून वाट बघायचा, वाफ जाईपर्यंत. तेवढ्या वेळात हामिदूच्या गोष्टी सांगायचा. पहिलं वर्षभर त्यांनी तुम्हाला काही शिकवलं नाही. बाजरी कांडायला लावली, कांद्याला पाणी घालायला लावलं. पुण्यातल्या चांगल्या घरच्या मुलीने, अमेरिकेत डॉक्टरेट करत असताना, वर्षभर मुसळ चालवलं. मी विचारलं, "चिडला नाहीत?" तुम्ही म्हणालात, "रोज चिडायची. रात्री वहीत चिडायची, सकाळी कांडायची."

आणि त्या वहीनेच घात केला. तो प्रसंग तुम्ही एकदाच सांगितलात आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाहीत. दुसऱ्या वर्षी हामिदूंनी पहिले शब्द दिले. तुम्ही ते घरी जाऊन वहीत उतरवलेत, आणि बरोबर उतरवले का हे बघायला सकाळी अंगणात त्यांना वाचून दाखवलेत. मोठ्याने, नीट, कॉलेजात वाचतात तसे. अंगणात त्यांच्या भावजया होत्या, पाणी भरणाऱ्या बायका होत्या, शेजारचा कांदे विकणारा होता. सगळ्यांनी ऐकलं. त्या मांत्रिकाने आयुष्यभर जपलेले शब्द तुम्ही एका सकाळी वाटून टाकलेत.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काहीच नाही. उठून आत गेले. महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी. मी रोज जाऊन कांडत राहिले. महिन्यानंतर बाहेर आले आणि म्हणाले, ते शब्द आता मेले. आपण दुसऱ्यांपासून सुरुवात करू."

बाई, मी ते ऐकलं आणि मला वाटलं, अशी चूक करायला आधी फार शिकलेलं असावं लागतं. आणि तशी चूक करून महिनाभर मुसळ धरून उभं राहायला आणखी काहीतरी लागतं, ते कुठल्या युनिव्हर्सिटीत मिळत नसावं. हे तुम्हाला तोंडावर बोललो नाही. "भाकरी गार झाली, खा," एवढंच म्हणालो.

आपले वाद व्हायचे. वैशाली म्हणायची, बुधवारी घरात टीव्ही लावायची गरज नाही. मी म्हणायचो, विद्येवर पुस्तकं लिहिलीत हे चुकलंच तुमचं. तुम्ही म्हणायचा, "आबा, लिहिलं नसतं तर हामिदू नावाचा माणूस होता हे इथे कुणाला कळलं असतं?"

"न कळेना. त्यांच्या नदीला माहीत होतं ना?"

"नदी बोलत नाही."

"म्हणून तर ती चांगली."

मग मी तुम्हाला कोंडीत धरायचो. "खरं खोटं सांगा. त्या शब्दांनी आजारी माणूस बरा होतो?"

"तुम्ही सांगा. विंचू उतरतो?"

"उतरतो."

"कसा?"

"मला काय माहीत? उतरतो."

"मग मला तरी काय माहीत?" असं म्हणून तुम्ही इतक्या हसायचा की चष्मा काढून डोळे पुसायचा.

पण एक दिवस तुम्ही सांगितलंत की तुमच्या पुस्तकात एका ठिकाणी अर्धं पान कोरं आहे. हामिदू मरायला टेकले तेव्हा तुम्हाला निरोप आला. तुम्ही तीन विमानं आणि एक ट्रक बदलून पोचलात. ते थांबले होते. शेवटचं, सगळ्यांत मोठं जे होतं ते त्यांनी तुमच्या कानात सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गेले. ते तुम्ही लिहिलं नाहीत. छापणाऱ्यांनी विचारलं, इथे काय राहिलं. तुम्ही म्हणालात, काही राहिलं नाही, एवढंच आहे. एका परीक्षकाने म्हणे लिहिलं की लेखिकेने मुख्य पुरावा दडवला. त्याने तुमचं बढतीचं वर्ष गेलं. तुम्ही ते हसत सांगितलंत. मला हसू आलं नाही. मी पुस्तकांबद्दल भांडत होतो खरा, पण त्या दिवसापासून आवाज जरा खाली आणला. तुमच्या लक्षात आलं असणार. तुमच्या सगळंच लक्षात यायचं.

मग ते ग्रहण आलं. इथे पूर्ण नव्हतं, पण सूर्याची बारीक कोर राहणार होती. दुपारची वेळ. सुनील म्हणाला, "आबा, प्लीज, पब्लिक पार्क आहे, नदीत नका उतरू. थंडी आहे, करंट आहे, आणि इल्लीगल असेल." मी म्हणालो, बरं. आणि तुम्हाला फोन केला.

तुम्ही गाडी घेऊन आलात. रॅरिटन नदीच्या काठाला पार्कमध्ये माणसं काळे चष्मे लावून वर बघत बसली होती. आपण जरा लांब गेलो, झाडं होती तिकडे. मी पँट काढून पंचा नेसलो आणि पाण्यात उतरलो. हाडं गोठतील असं पाणी. गुडघ्यापर्यंत गेलो, पाय वाळूत रुतत होते. मागे वळून पाहिलं तर तुम्ही बूट काढून, सलवार वर खोचून माझ्या मागून येत होता. सत्तरीच्या बाई.

"तुम्ही कशाला?"

"तुम्ही पडलात तर सुनीलला काय सांगू? म्हणा तुमचं."

ऊन पिवळं झालं, मग राखेसारखं झालं. पाखरं गप्प झाली. मी सुरुवात केली. सवयीने जरा मोठ्याने म्हणतो मी. बापही म्हणायचा, कारण पाण्यात आजूबाजूला कुणी नसतं. तीनचार ओळी झाल्या आणि मला वाटलं, अरे, बाई ऐकतायत. थांबून मागे बघितलं.

तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभ्या होता, आणि दोन्ही कानांत बोटं घातली होती. घट्ट. कोपरं वर करून, लहान मुलं फटाका फुटायच्या आधी उभी राहतात तशा.

बाई, सगळं आयुष्य ऐकण्यासाठी वणवण फिरलेल्या तुम्ही. कुठे कोण काय पुटपुटतो ते टिपायला वाळवंटात राहिलेल्या. मंत्र चार हातांवर होता. नुसतं उभं राहायचं होतं. पण तो तुम्हाला दिलेला नव्हता, म्हणून तुम्ही घेतला नाहीत. थंडीने तुमची मान थरथरताना दिसत होती, पण बोटं निघाली नाहीत. माझा मंत्र संपला, मी तुमच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तुम्ही बोटं काढलीत. विचारलंत, "झालं?"

त्या सहा जणांना हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर बाकीचं नसतं बोलले तरी चाललं असतं.

बाहेर येतो तो काठावर पार्कचा पोलीस उभा. गोरा पोरगेला माणूस, डोक्यावर काळा चष्मा सरकवलेला. त्याने काय पाहिलं असेल ते तुम्हीच बघा: एक म्हातारा पंचा नेसून नदीला काहीतरी सांगतोय आणि एक म्हातारी ते ऐकायला तयार नाही. त्याने इंग्रजीत विचारलं, तुम्ही इंग्रजीत उत्तर दिलंत. तो गंभीरपणे मान हलवून, मला "सर" म्हणून, टॉवेल आहे ना विचारून गेला. मी विचारलं, "काय सांगितलंत त्याला?"

"म्हटलं, हे माझ्या क्षेत्रातले सिनियर आहेत."

गाडीत हीटर लावून आपण दात वाजवत हसत होतो. तिथेच, पाय पुसता पुसता, तुम्ही पहिल्यांदा विचारलंत. "आबा, मला द्याल? पुस्तकासाठी नाही. तुमच्यानंतर कुठेतरी असावा म्हणून."

मी म्हणालो, "बाईमाणसाला देत नाहीत आमच्यात. तुमच्या हामिदूने विद्या दिली असेल."

"त्यांच्यातही देत नाहीत," तुम्ही म्हणालात. "त्यांनी दिली."

 तुम्ही गाडी सुरू केलीत. पुन्हा दोनदा विचारलंत, दर खेपेला माझ्याकडे नवीन कारण तयार. तुम्ही लिहाल. तुम्हाला पडवळ सोडवणार नाही. तुमचा कान डावखुरा आहे, असंसुद्धा एकदा म्हणालो, तुम्ही म्हणालात, "हे मात्र मी लिहून ठेवणार."

मग तुमचा आजार निघाला. पहिल्या उपचारानंतर जरा उभं राहता आलं, तशा तुम्ही आधी विमानात बसलात. डॉक्टर नको म्हणत होते. हामिदूंच्या गावापर्यंत आता जाता येत नाही, तिकडे बंदुका आहेत. म्हणून त्यांची मुलगी फातुमा दोन दिवस प्रवास करून नियामे शहरात आली, आणि तुम्ही तिथल्या एका लॉजच्या खोलीत बापाची वस्तू मुलीच्या कानात घालून परत आलात. केस गेलेले, डोक्याला रुमाल, पण चेहरा धुतल्यासारखा. म्हणालात, "ज्यांचं होतं त्यांच्याकडे पोचलं. आता मी हलकी झाले, आबा."

मला तुमचा हेवा वाटला. तो मी त्या दिवशी कौतुकात गुंडाळून दिला. आज उघडून सांगतो.

शेवटी तुम्हाला हॉस्पिटलातून घरी आणलं. बैठकीच्या खोलीत कॉट लावली होती, पुस्तकांच्या कपाटांच्या मध्ये. मी वैशालीला म्हणालो, मला सोड तिथे. ती म्हणाली, "किती वेळ थांबू?" म्हटलं, तू खाली गाडीत बस. दुपार होती. नर्सबाई मला खुर्ची देऊन आत गेली.

तुम्ही डोळे उघडलेत. "आज बुधवार नाही."

"मंत्र द्यायला आलोय," मी म्हणालो. "लिहायचा नाही."

"हात उचलत नाही, आबा. लिहू कशानं?" थोडं थांबून म्हणालात, "आणि आता मी कुणाचा विंचू उतरवणार?"

मी खुर्ची जवळ ओढली.  तुम्ही म्हणालात, "आधी खरं सांगा. बाईमाणूस, पुस्तक, पडवळ, सगळं सोडा. का दिला नाहीत?"

बाई, हे मी बायकोला सांगितलं नव्हतं. ती गेली, ते न ऐकताच गेली.

मी तिशीतला होतो. शेजारच्या घरातल्या पोरीचा पेंढा ओढताना विंचवावर हात पडला. लाल विंचू. तिचा बाप तिला खांद्यावर टाकून माझ्याकडे आला. मी उतरवायला बसलो. मंत्र म्हटला, हात फिरवला. कळ थांबली म्हणाली पोर. मला वाटलं, उतरला. पण तिला घाम सुटला, हातपाय गार पडायला लागले. बाप म्हणाला, "भाऊ, तालुक्याच्या दवाखान्यात नेऊ का? जीप आहे फाट्यावर." मी म्हणालो, "थांब. उतरतोय."

दोनदा विचारलं त्याने. दोनदा मी थांब म्हणालो. माझा मंत्र होता, माझ्या बापाचा होता, तो पडलेला मला बघवत नव्हता. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही, उचलून पळाला. जीप पोचायच्या आधीच संपलं. गावात कुणी मला बोललं नाही. म्हणाले, लाल होता, त्यापुढे कुणाचं चालतं. त्यानंतरही मी विंचू उतरवला, पण दर माणसाला आधी जीपमध्ये बसवलं आणि जीपमध्ये मंत्र म्हटला. लोकांना वाटायचं, आबाची ती पद्धत आहे.

असली वस्तू तुमच्या कानात कशी घालू? म्हणून दिली नाही. हे सांगितलं तुम्हाला. सांगताना माझी नजर कपाटातल्या पुस्तकांवर होती.

तुम्ही म्हणाला नाहीत की तुमची चूक नव्हती. म्हणाला असता तर मी उठून गेलो असतो. तुम्ही म्हणाला नाहीत की मंत्र खोटा आहे, खरा आहे. तुम्ही विचारलंत, "नाव काय तिचं?"

इतक्या वर्षांत ते नाव माझ्या तोंडातून निघालं नव्हतं. "कुसुम," मी म्हणालो. "कुशी म्हणायचे."

"केवढी?"

"सहा वर्षांची."

"कुसुम," तुम्ही म्हणालात. एकदाच, नीट. मग मान वळवून उजवा कान मोकळा केलात. "आता म्हणा."

मी वाकलो. माझ्या बापाने मला तो शिकवला तेव्हा पाठ व्हायला मला पावसाळाभर लागला होता. चौथ्या ओळीनंतर एक श्वास सोडायचा असतो, तो चुकला म्हणून मी थोबाडीत खाल्लेली आहे. तुम्हाला मी एकदा सांगितला. तुम्ही डोळे मिटून पडून होता, मला वाटलं, झोपलात. आणि तुम्ही म्हणायला लागलात. ओठातल्या ओठात, पण सगळा. चौथ्या ओळीनंतर थांबलात, श्वास सोडलात, पुढे गेलात. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ज्या मुलीने अंगणात वही वाचून दाखवली होती, तिच्या तोंडून एका ऐकण्यात, न लिहिता. हामिदू असते तर त्यांना दाखवलं असतं, बघा म्हटलं असतं.

तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "आता तुमच्याकडे मंत्र नाही."

"नाही."

"नाव आहे."

त्यानंतर चार दिवसांनी तुम्ही गेलात. मंत्र तुमच्याबरोबर गेला, बापापासून चालत आलेला. मला वाटलं होतं, छातीत दगड बसेल. बसला नाही. म्हणून हे लिहायला बसलो. मंत्र लिहायचा नसतो या मतावर मी आजही आहे, त्यात तुमचं काही चालणार नाही. पण माणूस लिहायचा असतो, हे तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागतंय, आणि ते तुम्ही नसताना मान्य करतोय याबद्दल राग मानू नका. तुमच्यासारखी विद्यार्थिनी मी पाहिली नाही. हे तोंडावर सांगायला हवं होतं. भाकरी खा, भाकरी खा म्हणत राहिलो.

एक काम मात्र तुम्ही लावून गेलात. तुम्ही ते बोलला नाहीत, पण नाव हातात दिलंत तेव्हाच मला कळलं होतं. आज सकाळी केलं. कुशीची आई हौसावहिनी अजून आहे. नव्वदीला आली असेल. माझ्या पुतण्याला फोन करून तिला बोलावून घ्यायला सांगितलं. तिकडे संध्याकाळ होती, मागे गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, मी बोलतोय, अमेरिकेतून."

"बोला भाऊ."

"कुशीबद्दल बोलायचंय."

 मी म्हणालो, "त्या दिवशी मी थांब म्हणालो. दोनदा म्हणालो. नेऊ द्यायला पाहिजे होतं."

 मला वाटलं, लाईन गेली. पुतण्याने मधे विचारलं, काका, आहे का आवाज. मग ती म्हणाली, "विचारलं ते दोनदा नाही. तीनदा. तिसऱ्यांदा यांनी विचारलं नव्हतं, मी विचारलं होतं. दारातून. तुम्ही ऐकलं नव्हतं."

मी म्हणालो, "आज ऐकलं."

"हां," ती म्हणाली. आणि मग बराच वेळ ती कुशीबद्दल बोलत होती. तिला चिंच कशी आवडायची, ती डाव्या हाताने कशी जेवायची, बापाच्या पाठीवर कशी झोपायची. मी मधे एक शब्द बोललो नाही, बाई. दोन्ही कान उघडे ठेवून बसलो होतो.